अठ्ठेचाळीस नंबरची स्लाइड

दिनांक ११ जानेवारी १९७६, रविवार, सकाळी दहा. मंजूर रक्कम एक हजार तीनशे पन्नास रुपये. हजर: देवस्थानचे अध्यक्ष, उपाध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त सुभेदार, देवळाचे गुरव आणि मी. पाचवा माणूसही होता. तो खांबाला टेकून उभा होता. सभासद नव्हता म्हणून इतिवृत्तात त्याची नोंद नाही. इतिवृत्त मी लिहिलं. या सगळ्या प्रकारात ज्याचं सगळ्यात जास्त गेलं, तो माणूस कागदावर नाही, म्हणून आता लिहितो आहे.

गावाचं नाव देत नाही. कराड सोडून कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीकडे निघालं की जी घाट असलेली गावं लागतात, त्यातलं एक. घाटाला सदुसष्ट पायऱ्या आहेत, मी मोजलेल्या आहेत. वर महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर कोरीव काम, शेजारी चुन्याच्या गिलाव्याची धर्मशाळा, आणि दोघांच्या मधे गणपतीचं लहान देऊळ. गणपती डाव्या सोंडेचा. हे पुढे लागणार आहे म्हणून आताच सांगून ठेवतो.

त्या वर्षांत एस.टी.ची सहलीची गाडी साताऱ्याहून शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला येऊ लागली होती. गाडीतली माणसं घाटावर पाय धुवायची, नमस्कार करायची आणि धर्मशाळेत पथारी टाकायची. कोरीव काम कुणी बघत नसे. दगड काळा, संध्याकाळ झालेली, दिसणार काय? मग सुभेदारांनी कल्पना काढली. त्यांनी उत्तरेकडे पलटणीत असताना एका जुन्या किल्ल्यात भिंतीवर उजेड पाडून इतिहास सांगतात तसा कार्यक्रम पाहिला होता. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण स्लाइडचं मशिन मिळेल, असं ते म्हणाले. सांगलीच्या एका कॉलेजानं जुनं मशिन विकायला काढलं होतं, सातशे रुपये. फोटो आणि स्लाइडला चारशे. वायर, लाउडस्पीकर आणि किरकोळ अडीचशे. एकूण वर दिलेला आकडा.

मशिन चालवायला माणूस हवा होता. तो मी सुचवला. खांबाला टेकलेला तोच.

आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. मी पुढे मॅट्रिक झालो आणि गावच्या हायस्कुलात हेडक्लार्क म्हणून लागलो. तो तंबूतल्या सिनेमाबरोबर निघून गेला आणि बावीस वर्षं मशिन चालवत हिंडला. फलटणचा बाजार, कराडजवळ मलकापूर, जतची जत्रा, जिथं तंबू तिथं हा. लग्न झालं होतं. बायको जतकडची. ती सुरुवातीला दोन वर्षं तंबूबरोबर हिंडली, मग माहेरी राहिली. तिचे भाऊ मेंढरं राखायचे. तिनं नवऱ्याला एकच अट घातली होती: चार भिंती कर, मग मी येते. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

देवस्थाननं ठरवलं ते असं. पहिला खेळ नीट झाला तर माणूस कायम. महिना नव्वद रुपये आणि धर्मशाळेच्या मागची खोली. पहिल्या खेळाचे पंधरा रुपये वेगळे.

सभा सुटल्यावर तो मला घाटावर म्हणाला, "खोली बघितलीस?"

"दहा बाय नऊ आहे," मी म्हणालो.

"दहा बाय नऊ. तुला इचारलं काय, तू सांगतोस काय. खिडकी हाय का न्हाई ते सांग."

"एक आहे. नदीकडे."

"मग ती येतीय," तो म्हणाला. "पाडव्याला आणतो. जतला पाण्याच्या टँकरमागं घागर घेऊन पळती गड्या ती. हितं खिडकीतनं नदी दिसली तर भांडायची इसरंल."

पुढचे दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी देवळात होतो. सांगलीच्या फोटोवाल्यानं काढलेल्या रंगीत स्लाइड मुंबईहून धुऊन आल्या. एकोणचाळीस. त्या दोन इंचांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या. पण माझ्या मित्राचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, देऊळ समोर उभं असताना देवळाचा फोटो दाखवायचा म्हणजे नवरीला बसवून तिचा फोटो पाहुण्यांना दाखवायचा. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, चौकटीच्या मापाचे नऊ तुकडे केले, काळे रंगवले आणि प्रत्येकाला छिन्नीनं भोक पाडलं. कुठं गोल, कुठं लांबट. ते मशिनमधे घातलं की उजेड सगळ्या भिंतीवर न पडता फक्त एका मूर्तीवर पडायचा. बाकी भिंत अंधारात. मी कागदावरून वाचणार, "हा हत्तींचा थर," आणि उजेड हत्तींवर. "ही १९१४च्या पुराची खूण," आणि उजेड त्या रेघेवर.

"बोटानं दावलं तर लोक बोटाकडं बघत्यात," तो म्हणायचा. "उजेड दावला तर उजेडाकडंच बघाय लागतंय. दुसरीकडं बघाय काय ठेवलंच न्हाई."

मशिन एकदा देवळाच्या भिंतीकडे आणि एकदा धर्मशाळेच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावं लागे. त्यासाठी त्यानं गुरवांच्या घरचं फुटकं जातं मागून आणलं. खालच्या तळीच्या खुंट्यावर फळी बसवली, फळीवर मशिन. एका बोटानं फिरायचं आणि आवाज होत नसे.

त्या पत्र्याच्या तुकड्यांमुळे त्याला एक मूर्ती सापडली. मी जन्मापासून त्या देवळात जातो, पायऱ्या मोजल्या, खांब मोजले, हत्ती मोजले, एकशे बारा. पण ती पाहिली नव्हती. हत्तींच्या थरावर, कोपऱ्यात, वीतभर उंचीची बाई. पाठमोरी बसलेली. देवळावर कुणी पाठमोरी मूर्ती का कोरली असेल, हे गुरवांनाही सांगता आलं नाही. माझ्या मित्रानं गोल भोकाचा तुकडा लावून तिच्यावर उजेड धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ही माझीच बायको," तो म्हणाला. "जतकडं तोंड करून बसलीय. बघ, मानसुदीक वळवत न्हाई."

तिला त्यानं सत्तेचाळीसावा नंबर दिला. शेवटचा, अठ्ठेचाळीसावा, गणपती. रंगीत फोटो, धर्मशाळेच्या भिंतीवर पंधरा फूट उंच, आणि मग आरती.

खेळाच्या आधीच्या आठवड्यातलं एक काम माझ्याकडे होतं. स्लाइड मशिनमधे उलटी, डोकं खाली करून घालावी लागते, आणि कुठली बाजू दिव्याकडे हे चुकलं तर चित्र डावं-उजवं होतं. अंधारात हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून मित्रानं मला सांगितलं की प्रत्येक स्लाइड सरळ धरून बघ, समोरच्या बाजूला, डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, एक थेंब लाख लाव. घालताना त्याच्या अंगठ्याला तो थेंब लागला की बाजू बरोबर. नीटनेटकं काम म्हणून ते मला दिलं. शाळेत टपालाच्या पाकिटांना मीच लाख लावत असे.

सकाळच्या उजेडात खिडकीशी बसून मी सत्तेचाळीस ठिपके लावले. प्रत्येक स्लाइड दोनदा तपासली, यादीत खूण केली. मग गणपतीची हातात घेतली. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली होती, लाख वितळून टपकायला आली होती. आणि माझ्या मनात आलं की देवाच्या तोंडासमोर तापलेली लाख कशी टाकायची? चटका लागावा तसं काहीतरी वाटलं. मी ती स्लाइड पालथी केली आणि मागच्या बाजूला थेंब टाकला. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातच. कोपरा बरोबर होता. माझं समाधान झालं. यादीत खूण केली.

दोनदा तपासायची, पण ती तपासली नाही. देवाची स्लाइड पुन्हा पुन्हा हाताळणंही बरं वाटलं नाही. झालं ते एवढंच आहे.

खेळ मार्चमधल्या एका शनिवारी ठेवला. पौर्णिमा होऊन गेलेली, आदल्या दिवशी संकष्टी झालेली, म्हणजे चंद्र उशिरा उगवणार आणि कुणाचा उपासही नाही. असा दिवस मित्रानं निवडला होता. साडेसात वाजता सुरुवात. एस.टी.च्या गाडीतली चाळीसएक माणसं, गावातली दोनशेपेक्षा जास्त. बायका ओट्यावर, पुरुष पायऱ्यांवर. अध्यक्ष पुढे खुर्चीवर. ते तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. आमच्या हायस्कुलाच्या संस्थेचेही अध्यक्ष तेच. माझी नोकरी त्यांच्या सहीवर होती.

मी आयुष्यात फार कार्यक्रम पाहिलेले नाहीत, पण तो चांगला झाला हे मी खात्रीनं सांगतो. हत्तींवर उजेड सरकायला लागला तेव्हा पायऱ्यांवरचं शेंगा फोडणं थांबलं. फळी फिरताना खरंच आवाज होत नव्हता. पुराच्या रेघेवर उजेड पडला तेव्हा एक म्हातारे शेतकरी शेजाऱ्याला म्हणाले, "माझा बाप हितपतूर बुडाला हुता बघ," आणि हात डोक्याच्या वर धरला. पाठमोऱ्या बाईवर उजेड आला तेव्हा कुणीतरी बाई हसली आणि म्हणाली, "रुसलीय जणू." माझा मित्र अंधारात मशिनमागे होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्या मूर्तीवर त्यानं उजेड ठरल्यापेक्षा जास्त वेळ ठेवला. मला थांबावं लागलं.

मग मी वाचलं: "हा आमच्या घाटाचा डाव्या सोंडेचा गणपती."

भिंतीवर पंधरा फूट गणपती उभा राहिला. सोंड देवाच्या उजव्या हाताला.

मी कागदावरून मान वर केली आणि मला कळलं. एका क्षणात कळलं, लाख, कांडी, खिडकी, सगळं. लोक आधी हात जोडून गप्प होते. मग ओट्यावरून एक आजी हळूच म्हणाली, "अगं बाई, उजवी सोंड हाय."

उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक. आमच्याकडे तो घरात ठेवायला माणसं धजत नाहीत. आणि इथं सगळे पायांत चपला घालून, शेंगांची टरफलं टाकत, पाठी भिंतीला लावून बसलेले. एकेक जण उठायला लागला, चपला काढायला लागला. अध्यक्षही उठले. वाकून त्यांनी वहाणा काढल्या. मित्रानं गडबड ओळखून मशिन बंद केलं. त्यानं वाईट हेतूनं केलं नाही, चित्र चुकलंय तर लवकर पुसावं एवढंच. पण एवढ्या उजेडानंतर अंधार फार झाला. अध्यक्ष अनवाणी एक पायरी चुकले आणि तीन पायऱ्या खाली गेले. खुब्याचं हाड मोडलं.

त्यांना रात्रीच कराडला नेलं. ते वाचले, पण पुढे काठीशिवाय चालले नाहीत.

सभा आठव्या दिवशी त्यांच्या घरी झाली. त्यांचा पाय वाळूच्या पिशव्यांत बांधलेला होता. खाटेभोवती आम्ही तिघं बसलो. मित्राला बोलावलं होतं, तो दारात उभा. स्लाइडची पेटी माझ्या मांडीवर.

अध्यक्षांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "बावीस वर्षं काय दाखवलंस तू तंबूत?"

"सिनेमा."

"बायका नाचवल्यास. त्याच हातांनी देवाला धरलंस. मग देव तोंड फिरवील नाही तर काय करील?"

सुभेदार म्हणाले, "अध्यक्ष, फौजेत नकाशा उलटा धरणारं पोरगं निघतंच. त्याला गोळी न्हाई घालत. नकाशा सरळ करून देत्यात हातात."

"तुमच्या फौजेत देव नसतील, सुभेदार."

"हायती की. त्येंची सोंड बघाय येळ न्हाई मिळत."

अध्यक्षांनी मित्राला विचारलं, चूक कशी झाली. तो आत आला, माझ्या मांडीवरची पेटी उघडली आणि अठ्ठेचाळीस नंबरची स्लाइड काढली. अंगठा लाखेवरून फिरवला. मग स्लाइड खिडकीकडे धरून बघितली. मग पुन्हा अंगठा. त्याला समजलं हे मला दिसलं. त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय त्या खोलीत ते कुणाला समजण्यासारखं नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. हे मी स्वतःच्या बाजूनं लिहीत नाही. उघडलं होतं आणि मिटलं. समोर खाटेवर माझ्या नोकरीचा मालक पाय मोडून पडला होता. घरी चार मुलं होती, थोरली त्या वर्षी मॅट्रिकला. हे मी तेव्हा मोजलं. मला मोजायची सवय आहे.

मित्रानं स्लाइड पेटीत ठेवली, जिथली तिथं, आणि म्हणाला, "हात चुकला माझा."

मग ठराव झाला. माणूस बदलावा. दोषाची शांती करावी, खर्च एक्कावन्न रुपये. खेळाची मजुरी देऊ नये. मी तो ठराव लिहिला. अक्षर माझं नेहमीसारखंच आहे, आता काढून बघितलं तरी हललेलं दिसत नाही.

बाहेर आल्यावर तो घाटाकडे चालू लागला, मी मागून. शेवटी मीच म्हणालो, "तू खरं का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? लाख मागनं लागलीय म्हणून? मग त्यांनी इचारलं असतं, लाख कुणाची."

"विचारू द्यायचं होतंस."

"मग तूच सांगायचं हुतंस की," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. मग, "कशी काय लागली रं मागनं?"

मी सांगितलं. देवाच्या तोंडावर लाख नको म्हणून. तो ऐकून एकदम हसला, आणि मग हसणं थांबलं.

"मी तंबूत पंधरा वर्षं द्येवाचं खेळ दावलं," तो म्हणाला. "रीळ तुटलं की द्येवाच्या नरड्यावरच चिकटपट्टी लावायचो. काय न्हाई म्हणायचा. बरा हुता."

मी उद्या जाऊन अध्यक्षांना सांगतो, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, सांग. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि अध्यक्षांकडे पाहुणे होते. सोमवारी शाळा. मंगळवारी मी त्यांच्या दारापर्यंत गेलो, आत गेलो आणि पायाची चौकशी करून परत आलो. बुधवारी पाडवा. त्याच दिवशी मित्र फलटणला गेला, तिथं तंबू उभा होता. जाताना खोलीची किल्ली त्यानं गुरवांकडे दिली. मला भेटला नाही.

संध्याकाळी मी ती खोली उघडून घेतली. त्यानं आतून चुना लावला होता, त्यात थोडी नीळ घातलेली. कोपऱ्यात मातीची नवी चूल. अजून पेटवलेली नव्हती. खिडकीला त्यानं आतून लाकडाची फळी ठोकली होती, घागर ठेवायला.

त्या महिन्यात एका संध्याकाळी मी अठ्ठेचाळीसाव्या स्लाइडची लाख सुरीनं खरवडली आणि समोरच्या बाजूला, देवाच्या तोंडाशेजारी, नवीन थेंब लावला. कुणाला सांगितलं नाही. कॉलेजातला एक मुलगा पुढचे खेळ करू लागला. गणपतीची सोंड बरोबर डावीकडे येऊ लागली. लोक म्हणाले, शांती लागू पडली. पत्र्याचे तुकडे त्या मुलाला जमले नाहीत. उजेड मूर्तीवर यायच्या आधीच मी वाचून संपवायचो. ते वापरणं बंद झालं. पाठमोऱ्या बाईवर पुन्हा उजेड पडला नाही. दोन वर्षांनी मशिनचा दिवा गेला, नवा मिळाला नाही, आणि खेळ बंद पडला.

१९७९च्या दिवाळीनंतर तंबूचा मालक कराडच्या स्टँडवर भेटला. माझा मित्र आदल्या वर्षी जतच्या जत्रेत कावीळ होऊन गेला, असं त्यानं सांगितलं. तंबूतच होता, शेवटचे चार दिवस बायकोनं येऊन केलं. "मशिन मातूर आखरीपतूर साफ ठेवलं बघा त्यानं," मालक म्हणाला.

त्याच आठवड्यात मी अध्यक्षांकडे गेलो. साडेतीन वर्षं लागली, गेलो तेव्हा दहा मिनिटं लागली. लेखी दिलं: लाखेची खूण माझ्या हातून चुकीच्या बाजूला लागली, चालकाचा दोष नव्हता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं नोकरीचं काहीतरी बोलतील. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "तुम्ही?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "आणि त्यानं त्या दिवशी माझ्यासमोर..." त्यांनी चष्मा काढला. मग, "मी त्याला तंबूतल्या बायकांवरून बोललो होतो," एवढंच म्हणाले.

पुढच्या सभेत मजुरी द्यावी असा ठराव झाला. पोचवायला मी गेलो. खिशात देवस्थानचे पंधरा आणि माझे स्वतःचे दोनशे. सांगलीहून दुपारी एकला जतची गाडी मिळाली.

ती भावाच्या घराच्या ओसरीवर बसली होती. मेंढरं रानात गेलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं घोंगडं टाकलं आणि तांब्या भरून आणला. अर्धाच भरलेला होता.

"भाऊजी, लांबनं आला," ती म्हणाली. "ते तुमचं नाव लय काढायचे. म्हणायचे, घाटाच्या पायऱ्या मोजलेला माणूस हाय माझ्या ओळखीचा."

मी तिला सगळं सांगितलं. लाख, खिडकी, सभा, मी गप्प बसलो ते. क्रमानं सांगितलं, काही गाळलं नाही. ती जमिनीकडे बघत ऐकत होती.

"खूण कुणाची तरी चुकली म्हणायचे," ती म्हणाली. "कुणाची ते कवा बोलले न्हाईत. मीबी इचारलं न्हाई. इचारून काय, तवा मी बोचकं बांधून बसले हुते. पाडव्याच्या आदल्या दिवशी कार्ड आलं, येऊ नगं म्हणून. बोचकं सोडलं."

मी पैसे काढायचं धाडस करत होतो.

"खोलीत आता कोण ऱ्हातंय?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. कुलूप आहे."

"चुना हाय का अजून भिंतीला?"

"आहे. खाली थोडा सुटलाय. वरचा आहे."

"खिडकीतनं नदी दिसती म्हणायचे."

"दिसते," मी म्हणालो.

मी दोनशे रुपये घोंगड्यावर ठेवले. ती म्हणाली, "हे कशाचं?" तिनं ते हात न लावता, तांब्याच्या बुडानं माझ्याकडे सरकवले. "घ्या ते. ह्याचा हिशेब माझ्याजवळ न्हाई."

मग मी पंधरा रुपये आणि पावती काढली. पहिल्या खेळाची मजुरी, मी म्हणालो, ही त्याच्या कामाची आहे. तिनं नोटा मोजल्या. एक पाचाची काढून परत दिली.

"पाच त्यांनी आधी उचलले हुते. खोलीला चुना आणि नीळ घ्यायला. मला सांगितलं हुतं."

ते खरं होतं. पाच रुपये उचल त्यानं गुरवांकडून घेतली होती, आणि ती माझ्या वहीत लिहिलेली होती. मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

मी पावतीवरचा पंधराचा आकडा खोडला, दहा केला, खोडीवर सही केली. वीस रुपयांच्या आतली रक्कम, पावतीला महसुली तिकीट लागलं नाही. तिला सही येत नव्हती. शाईची डबी मी बरोबर नेली होती. तिनं अंगठा उठवला, मग तो पदराला न पुसता मातीला पुसला.

अदा: रुपये दहा फक्त. पोचले, मशिन चालकाच्या पत्नीस, मुक्काम जत.